चेहरा नंतर येतो

मोपिडी सुरू केलं की पडद्यावर काहीच उघडत नाही. खिडकी नाही, बटण नाही, गाण्यांची यादी नाही. टर्मिनलमध्ये लॉगच्या काही ओळी सरकतात आणि थांबतात. पहिल्यांदा बसवणाऱ्याला वाटतं, कुठेतरी अडलं. अडलेलं काही नसतं. संगीत वाजवणारा हा सर्व्हर पायथनमध्ये लिहिलेला आहे, आवाज काढायचं काम तो जीस्ट्रीमर या ध्वनी हाताळणाऱ्या लायब्ररीवर सोपवतो, आणि त्याला चेहरा दिलेला नाही तो मुद्दामच. रास्पबेरी पायसारखं तळहाताएवढं यंत्र टीव्हीच्या कपाटामागे ठेवलं, अँप्लिफायरला एक वायर जोडली, की गाणी तिथून वाजतात. ती कुणी लावायची, कुठून लावायची, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर प्लगइनने द्यायचं.

मोपिडीच्या भाषेत प्लगइनला एक्स्टेन्शन म्हणतात. रचना समजून घ्यायला सोपी आहे. मधोमध गाभा, म्हणजे कोअर. त्याच्या खालच्या अंगाला बॅकएंड: कुणी डिस्कवरच्या फाइली वाचतं, कुणी इंटरनेट रेडिओ आणतं. वरच्या अंगाला फ्रंटएंड: माणसाचं म्हणणं गाभ्यापर्यंत पोचवणारे. फ्रंटएंडला बॅकएंडशी थेट बोलता येत नाही. जे काही मागायचं ते गाभ्याकडे. सुरुवातीला हा नियम जाचक वाटतो. पण त्याच्यामुळेच एका चेहऱ्याच्या जागी दुसरा लावला तरी वाजणारं गाणं तुटत नाही, आणि एकाच वेळी तीन चेहरे लावले तरी गाभ्याला त्याचा पत्ता नसतो.

पूर्वी हे इतकं सुटसुटीत नव्हतं. एचटीटीपीच्या सेटिंगमध्ये एका फोल्डरचा पत्ता द्यायचा, त्या फोल्डरमधली पानं सर्व्हर दाखवायचा. फोल्डर एक, म्हणून चेहराही एकच. दुसरा करून बघायचा तर पहिला काढा. २०१४ साली आलेल्या ०.१९ आवृत्तीत वेब सर्व्हरचा पाया टॉर्नेडो या पायथनच्या वेब चौकटीवर आला आणि वेब क्लायंट, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारा चेहरा, स्वतःच एक्स्टेन्शन म्हणून नोंदवता येऊ लागला. नोंदवलेल्या नावाचा पत्ता त्याला आपोआप मिळतो. आयरिस नावाचा क्लायंट बसवला की तो ६६८० या पोर्टवर आयरिस याच नावाच्या रस्त्यावर उभा राहतो, म्यूझिकबॉक्स त्याच्या नावाच्या रस्त्यावर. नुसता ६६८० उघडला तर बसवलेल्या क्लायंटची यादी दिसते. त्यातला एखादा पहिल्यांदा उघडावा असं वाटत असेल तर एचटीटीपी विभागातल्या 'डिफॉल्ट अ‍ॅप' या सेटिंगमध्ये त्याचं नाव घालायचं.

तयार क्लायंट बसवणं ही पिप या पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाची एक आज्ञा आहे, पण बहुतेकांची संध्याकाळ इथेच जाते. कारण जवळपास नेहमी एकच असतं: मोपिडी ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतंय तो एक, आणि एक्स्टेन्शन बसवणारा दुसरा. डेबियन या लिनक्सवर मोपिडी सेवा म्हणून चालवलं की ते 'मोपिडी' नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याखाली चालतं आणि आपली सेटिंग्ज ईटीसी या सिस्टिमच्या फोल्डरमधल्या फाइलीतून वाचतं. तुमच्या होम फोल्डरमधली कॉन्फिग फाइल त्याला दिसत नाही. तुम्ही स्वतःच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पायथनच्या वेगळ्या कप्प्यात, टाकलेलं पॅकेज त्याला दिसत नाही. डेबियन १२ पासून तर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप थेट काही टाकूच देत नाही. 'हे बाहेरून सांभाळलं जातं' अशा अर्थाची चूक दाखवून तो थांबतो. तिथे दोन वाटा आहेत. एक, पिपला तो अडसर मोडायची स्पष्ट परवानगी देऊन सिस्टिमभर बसवणं. ज्या रास्पबेरी पायवर फक्त मोपिडीच चालणार आहे तिथे याने फारसं बिघडत नाही. दुसरी, मोपिडी आणि त्याची सगळी एक्स्टेन्शन्स एकाच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवून सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीमधली मोपिडीची सेवा त्याच पायथनकडे वळवणं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे ठेवलं की पुढचे सगळे प्रश्न तिथूनच उगवतात.

बसलं की नाही हे ब्राउझरमध्ये तपासू नका, आधी लॉग वाचा. सुरुवातीच्या ओळींत चालू असलेल्या एक्स्टेन्शन्सची यादी छापलेली असते, आणि बंद असलेल्यांचीही. नाव दोन्ही याद्यांत नसेल तर पॅकेज चुकीच्या जागी पडलंय. बंद यादीत असेल तर सेटिंगमध्ये चूक आहे, आणि कोणती ते जवळपासच्या ओळीत लिहिलेलं असतं. सेवेची खरी सेटिंग्ज बघायची आज्ञाही वेगळी आहे: मोपिडीसीटीएल, सूडोसकट, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने. डिस्कवरची गाणी स्कॅन करायचीही तिच्यामार्फतच. स्वतःच्या नावाने स्कॅन केलं तर गाण्यांची नोंद तुमच्या होम फोल्डरमध्ये तयार होते आणि सेवेच्या वेब पानावर लायब्ररी रिकामीच राहते. पान रिकामं दिसलं की लोक क्लायंटला दोष देतात, एक काढून दुसरा बसवतात, आणि तोही रिकामाच. ३.० आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१९ पासून, डिस्कवरची गाणी स्कॅन करून त्यांची लायब्ररी बनवणारा भागही मूळ पॅकेजमध्ये नाही. तोसुद्धा वेगळं एक्स्टेन्शन म्हणून बसवावा लागतो. जुन्या मार्गदर्शिका वाचून काम करणाऱ्यांचा पाय इथे हमखास घसरतो.

आता दार उघडायचा प्रश्न. मोपिडीचा वेब सर्व्हर सुरुवातीला फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो, म्हणजे त्याच यंत्रावरून उघडणाऱ्यालाच उत्तर देतो. फोनवरून उघडायचं तर होस्टनेमच्या जागी दोन कोलन लिहायचे, किंवा आयपीव्ही६ बंद असेल तर ०.०.०.०. बदल एका ओळीचा आहे, पण करताना थांबून विचार करावा असा आहे, कारण मोपिडीच्या वेब सर्व्हरला पासवर्ड नाही. लॉगिन नाही. त्या नेटवर्कवरचा प्रत्येक जण गाणं बदलू शकतो, आवाज वाढवू शकतो, रांग पुसू शकतो. घरच्या वायफायवर हे चालतं. आपल्या घरात तेच तर हवं असतं. पण राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून हाच ६६८० बाहेरच्या जगाला उघडा करणं मी कधीही सुचवणार नाही. बाहेरून ऐकायची गरज असेल तर व्हीपीएन वापरा. नाहीतर समोर रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या आधी स्वतःकडे घेणारा सर्व्हर, ठेवा आणि पासवर्ड तिथे मागा.

एक संरक्षण मात्र आतच आहे आणि ते अनेकांना अडथळा वाटतं. गाभ्याला बाहेरून आज्ञा देण्याचे दोन रस्ते: एक वेबसॉकेटचा, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीचा, आणि दुसरा साध्या पोस्ट विनंतीचा, ज्यात जेसन-आरपीसी पद्धतीने, म्हणजे जेसन या मजकुराच्या ठरलेल्या मांडणीत, आज्ञा लिहायची. कर्ल या टर्मिनलमधल्या साधनाने पहिली पोस्ट विनंती पाठवणाऱ्याला बहुधा नकार मिळतो, कारण मजकूर जेसन आहे हे सांगणारा हेडर जोडायचा राहिलेला असतो. तो सक्तीचा का? समजा घरातल्या लॅपटॉपवर कुणी भलतीच एखादी साइट उघडली. त्या साइटवरचा कोड तुमच्याच ब्राउझरमधून तुमच्या ६६८० कडे गुपचूप आज्ञा पाठवू शकतो. साधा फॉर्म पाठवायला ब्राउझर परवानगी विचारत नाही. जेसनचा हेडर लावला की मात्र त्याला आधी सर्व्हरला विचारावं लागतं, आणि सर्व्हर अनोळखी ठिकाणाला नाही म्हणतो. म्हणून हे संरक्षण बंद करायची सेटिंग सापडली तरी तिला हात लावू नये. तुमचा क्लायंट खरोखरच वेगळ्या पत्त्यावर राहत असेल तर तेवढा एक पत्ता परवानगीच्या यादीत घाला.

तयार क्लायंट चांगले आहेत, पण प्रत्येक घराची गाणी लावण्याची रीत त्यात बसेलच असं नाही. स्वतःचा चेहरा लिहायला फार काही लागत नाही. एक उदाहरण धरू: एक्स्टेन्शनचं नाव 'बैठक'. पायथनचं एक पॅकेज, त्यात एक वर्ग, एक छोटी कॉन्फिग फाइल, आणि 'स्टॅटिक' नावाचं फोल्डर ज्यात एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट. वर्गात नाव, आवृत्ती, मूळ सेटिंग्ज आणि त्या सेटिंग्जचा आराखडा सांगायचा. सेटअप नावाच्या फंक्शनला मोपिडी एक नोंदवही देतं, तिच्यात लिहायचं: या नावाखाली हे फोल्डर दाखव. एवढंच. शेवटी पॅकेजच्या सेटअप फाइलीत मोपिडीच्या एक्स्टेन्शनसाठी ठरलेल्या गटात प्रवेशबिंदू जाहीर करायचा, कारण मोपिडी सुरू होताना याच गटातली नावं शोधत जातं. वर्गातलं नाव, कॉन्फिगमधल्या विभागाचं नाव आणि प्रवेशबिंदूचं नाव, तिन्ही अक्षरशः एकच हवीत. एका अक्षराचा फरक पडला तर एक्स्टेन्शन भरलं जात नाही.

दोन चुका इतक्यांदा होतात की आधीच सांगून ठेवतो. पहिली, स्टॅटिक फोल्डर पॅकेजमध्ये न जाणं. विकासाच्या वेळी आपण एडिटेबल पद्धतीने बसवतो, तेव्हा सर्व्हर मूळ फोल्डरमधूनच फाइली वाचतो आणि सगळं सुरळीत दिसतं. पॅकेज बांधून दुसऱ्या यंत्रावर बसवलं की ४०४, म्हणजे पान सापडत नाही, कारण पायथनचं पॅकेज आपणहून फक्त पायथनच्या फाइली उचलतं. बाकीच्या फाइली घे, असं त्याला वेगळं सांगावं लागतं. बांधलेलं व्हील, म्हणजे पॅकेजची फाइल, झिपसारखं उघडून आत पानं आहेत का हे डोळ्यांनी पाहणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. दुसरी चूक पत्त्यांची. तुमचं पान मुळाशी राहत नाही, 'बैठक' या नावाखाली राहतं. सीएसएसचा पत्ता तिरक्या रेघेने सुरू केला की ब्राउझर तो मुळाशी शोधतो आणि पान उघडंबोडकं येतं. सगळे पत्ते सापेक्ष ठेवावेत. रिअ‍ॅक्ट किंवा व्ह्यूने बांधलेल्या एकपानी अ‍ॅपमध्ये याचाच आणखी एक प्रकार आढळतो: आतल्या पानावर असताना रिफ्रेश केलं की ४०४, कारण त्या नावाची फाइल फोल्डरमध्ये नसते. त्यावर हॅशवाले पत्ते, म्हणजे आतल्या पानाचं नाव # या चिन्हापुढे लिहिणारे, हा सरळ मार्ग.

नुसती पानं पुरत नसतील, सर्व्हरच्या बाजूला स्वतःचं काही करायचं असेल, तर नोंदवहीत फोल्डरऐवजी टॉर्नेडोचे हँडलर देता येतात. तिथे एक खड्डा आहे. गाभा हा पिक्का या पायथन लायब्ररीच्या पद्धतीचा, स्वतःच्या धाग्यावर (थ्रेडवर) एकेक निरोप हाताळणारा अ‍ॅक्टर आहे. त्याला काही विचारलं की लगेच उत्तर मिळत नाही, उत्तराचं आश्वासन मिळतं, आणि ते पुरं होईपर्यंत थांबायचं की नाही हे आपण ठरवायचं. हँडलरमध्ये सरळ थांबलात तर तो एकच धागा अडतो ज्याच्यावर अख्खा वेब सर्व्हर चालतो. इंटरनेटवरच्या एखाद्या मंद बॅकएंडमध्ये शोध घ्यायला आठ सेकंद लागले तर घरातल्या सगळ्या फोनवरची सगळी पानं आठ सेकंद गोठतात. गाणं मात्र चालू राहतं, म्हणून दोष कुठे आहे ते कळत नाही. असं थांबणं वेगळ्या धाग्यावर न्यायचं.

पण माझ्या मते वेब चेहऱ्याचं खरं कौशल्य या जोडणीत नसतं. ते एका शिस्तीत असतं: पानाने स्वतःजवळ सत्य ठेवायचं नाही. काय वाजतंय, किती आवाज आहे, रांगेत काय आहे, हे सगळं गाभ्यात राहतं. पान फक्त ते दाखवतं.

ही शिस्त मोडायचा मोह अगदी पहिल्या बटणापासून होतो. 'वाजवा' दाबलं, लगेच चिन्ह 'थांबवा' केलं. पान चपळ वाटतं. पण ती फाइल डिस्कवर नसली, स्ट्रीम मेलेली असली, तर गाभा थांबलेलाच असतो आणि पान मात्र वाजतंय म्हणून सांगत बसतं. त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनवर खरं चित्र दिसत असतं. मग घरात दोन सत्यं. बटण दाबल्यावर फक्त आज्ञा पाठवावी, बोट टेकल्याची हलकी खूण दाखवावी, आणि चिन्ह बदलायचं ते गाभ्याकडून अवस्था बदलल्याची वर्दी वेबसॉकेटवरून आल्यावरच. घरच्या नेटवर्कवर ही वर्दी इतक्या लवकर येते की उशीर जाणवत नाही.

आवाजाच्या पट्टीला मात्र हाच नियम जसाच्या तसा लावला की ती थरथरते. बोट सरकवताना पान डझनावारी आज्ञा पाठवतं, प्रत्येकीची वर्दी परत येते, आणि मागून आलेली जुनी वर्दी पट्टीला पुढे गेलेल्या बोटाखालून मागे ओढते. म्हणून दर १०० ते १५० मिलिसेकंदांना एकच आज्ञा पाठवावी, आणि बोट टेकलेलं असेपर्यंत आवाजाच्या वर्द्या बाजूला ठेवाव्यात. बोट उचललं की पुन्हा गाभ्याचं ऐकायचं. आवाज ० ते १०० या मापात येतो, पण मिक्सरला, म्हणजे आवाजाची पातळी सांभाळणाऱ्या भागाला, तो माहीतच नसेल तर आकडाच येत नाही. त्या रिकामेपणाचा अर्थ शून्य असा लावू नये.

गाण्याचा वेळ दाखवणारी रेघही अशीच नाजूक. सर्व्हर दर सेकंदाला वेळ कळवत नाही, आणि पानाने दर सेकंदाला विचारत बसणंही बरं नव्हे. गाणं सुरू झालं की एकदा वेळ विचारायचा, तो मिलिसेकंदांत येतो, मग पानाने आपलं घड्याळ चालवायचं. कुणी गाणं पुढेमागे केलं की त्याची वेगळी वर्दी येते, तेव्हा घड्याळ पुन्हा लावायचं.

रांग बदलल्याची वर्दी येते तेव्हा तिच्यासोबत नवी रांग येत नाही, फक्त 'बदलली' एवढंच कळतं. अख्खी रांग पुन्हा मागावी लागते. त्यामुळे ३०० गाणी एकेक करून टाकणारं पान स्वतःवरच ३०० वर्द्यांचा मारा ओढवून घेतं आणि घरातल्या इतर फोनवरही. सगळे पत्ते एका आज्ञेत द्यावेत. आणि रांगेतलं गाणं त्याच्या पत्त्याने ओळखू नये. तोच अभंग रांगेत दोनदा असेल तर पत्ता दोन्हीकडे एकच. रांगेतल्या प्रत्येक जागेला गाभा वेगळा क्रमांक देतो, काढताना आणि वाजवताना तोच वापरायचा. नाहीतर खालचा काढायला जावं आणि वरचाही जावा.

सगळ्यात जास्त फसवतो तो फोनचा झोपेचा काळ. पडदा बंद झाला की ब्राउझर काही वेळात वेबसॉकेट सोडून देतो. मोपिडीची जावास्क्रिप्ट लायब्ररी आपणहून पुन्हा जोडायचा प्रयत्न करते: आधी १ सेकंदाने, मग दुप्पट, असं करत ६४ सेकंदांपर्यंत. पण मधल्या काळात ज्या वर्द्या येऊन गेल्या त्या पुन्हा मिळत नाहीत. म्हणून जोडणी परत आली की जे माहीत होतं ते सगळं जुनं समजून अवस्था, गाणं, वेळ, आवाज आणि रांग पुन्हा मागून घ्यायची. आणि पान पुन्हा डोळ्यांसमोर आल्याचा इशारा ब्राउझर देतो, तेव्हा ६४ सेकंदांची वाट न बघता लगेच जोडून घ्यावं. तोवर पानावर जुनं गाणं ठामपणे दाखवण्यापेक्षा ते फिकट करणं प्रामाणिक.

मराठी गाण्यांचा संग्रह असेल तर आणखी थोडं काम आहे, आणि तयार क्लायंटमध्ये ते क्वचितच केलेलं असतं. 'वाऱ्यावर' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, मध्ये न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. ऱ स्वतःसुद्धा एका संकेताने किंवा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिलेला असू शकतो. युनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरण नुक्त्याचा फरक मिटवतं, जोडचिन्हाचा मिटवत नाही. तो आपल्यालाच बदलावा लागतो. पानात प्रत्येक शीर्षकाची शोधासाठी अशी एक स्वच्छ केलेली प्रत ठेवावी, आणि सर्व्हरकडे शोध पाठवताना दोन्ही लेखनं पाठवावीत. शिवाय काही फाइलींत गायकाचं नाव रोमनमध्ये आणि काहींत देवनागरीत असेल तर भीमसेन जोशी यादीत दोनदा येतात. यावर पानात उपाय शोधू नये, फाइलींचे टॅग दुरुस्त करून पुन्हा स्कॅन करावं.

दिसण्याचेही काही नियम आहेत. ओळीची उंची १.५ च्या खाली नेली की वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, म्हणून ते शून्यच ठेवावं. शास्त्रीय संगीतात शीर्षकाचा खरा फरक शेवटी असतो: राग यमन, विलंबित एकताल आणि राग यमन, द्रुत तीनताल. एका ओळीत कापून पुढे टिंबं लावली की दोन्ही नुसते राग यमन. दोन ओळी द्याव्यात. आणि फॉन्टची फाइल स्टॅटिक फोल्डरमध्येच असावी. इंटरनेट गेलेलं असताना डिस्कवरची गाणी वाजतातच, पानही त्याच दिमाखात उघडलं पाहिजे.

समोर रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून एनजिनएक्स ठेवणार असाल तर तीन गोष्टी पाहा. वेबसॉकेटसाठी एचटीटीपी १.१ आणि अपग्रेडचे हेडर पुढे पाठवले नाहीत तर पान उघडतं पण 'जोडत आहे' याच्या पुढे जात नाही. मूळ होस्ट हेडर पुढे दिला नाही तर मोपिडीला विनंती परक्या ठिकाणची वाटते आणि ते जोडणी नाकारतं. आणि वाचनाची मुदत मुळात ६० सेकंदांची असते. लांब ख्याल चालू असताना मिनिटभर एकही वर्दी नसते, तेवढ्यात प्रॉक्सी जोडणी तोडतो. ती मुदत एक तासाची करावी.

सगळं झाल्यावर तपासणी दोन फोनवर करावी, एकावर कधीच नाही. दोन्हीकडे पान उघडा, एकावर गाणं लावा, दुसऱ्यावर चिन्ह बदलतंय का बघा. पहिल्याचं वायफाय बंद करा, दुसऱ्यावरून तीन गाणी पुढे जा, रांगेतलं एक काढा, आवाज कमी करा. मग पहिल्याचं वायफाय पुन्हा लावा आणि पानाला हात न लावता नुसतं पाहत राहा.